काठावरचा माणूस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला तो असा : "काका, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या जुन्या आठवणी सांगा. पोहणं, आंबे, मित्र, असं हलकंफुलकं. पंधरा मिनिटं." पंधरा मिनिटं मी पाळणार, कारण मी बँकेतला माणूस आहे. हलकंफुलकं कितपत जमेल, ते मात्र बघावं लागेल. उन्हाळा म्हटलं की मला एक शनिवार आणि एक रविवार आठवतो. तेवढाच सांगतो.

मे १९७१. त्या वेळी आपल्या सेलूत 'वीकएंड' हा शब्द आला नव्हता. बँकेला दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी मिळाली ती फार पुढे, २०१५ साली. आमच्या वेळी शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. तोही हिशेब जुळला तर अर्धा. एखाद्या रुपयाचा फरक निघाला की शनिवारची संध्याकाळ गेलीच म्हणायची. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, भरती निघाली आणि पदवी घेऊन घरी बसलेल्या आमच्यासारख्या पोरांना खुर्च्या मिळाल्या. मी एकवीस वर्षांचा होतो आणि खिशात पगार होता. त्या पगारातून मी आयुष्यातली पहिली चैन केली, आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला.

मुलांनो, त्या कॅमेऱ्याची गोष्ट थोडी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यात एक रोळ बसायचा. रोळात बारा फोटो, चौकोनी, काळे-पांढरे. बारा म्हणजे बाराच. एक फोटो काढला की खुंटी फिरवायची, कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लाल खिडकी असायची, तिच्यात पुढचा आकडा येईपर्यंत. काढलेला फोटो दिसायचा नाही. रोळ संपल्यावर स्टुडिओत द्यायचा आणि आठ दिवस वाट बघायची. त्यामुळे एकेक फोटो आम्ही अगदी चेक फाडल्यासारखा जपून काढायचो.

त्या शनिवारी हिशेब पहिल्याच फटक्यात जुळला. माझा एक मित्र जालन्याला नोकरीला होता, तो दुपारच्या गाडीने आला. तेव्हा मनमाड–काचीगुडा ही मीटरगेज लाइन होती. गाडीतून उतरलेला माणूस कोळशाच्या कणांनी काळा झालेला असायचा, तसाच तो उतरला. उन्हं कलल्यावर आम्ही दोन सायकली काढल्या आणि वालूरकडं निघालो. तिकडं आमच्या तिसऱ्या मित्राचं शेत. हा मित्र आमच्याच वर्गातला. शिकायला हुशार, पण वडील लवकर गेले म्हणून शेती बघायला घरी थांबलेला.

परभणी जिल्ह्यातला मे महिना तुम्हाला काय सांगायचा! पारा चव्वेचाळीसवर, आणि संध्याकाळचे सहा वाजले तरी सायकलचं हँडल हाताला चटका देणारं. घरी पोचलो तर मित्राच्या आईने आधी हातावर गुळाचा खडा ठेवला, मग रांजणातलं पाणी दिलं. "उन्हातून आलात, घटाघट पिऊ नका." रात्री धपाटे, दही, ठेचा. आणि झोपायला माळवद. माळवदाची घरं आता आपल्याकडंही कमी झाली, पण ज्यांनी उन्हाळ्यात माळवदावर पाणी शिंपडून वाकळ टाकली आहे, त्यांना एसीचं कौतुक सांगू नये. आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत गप्पा मारल्या. मित्राचा धाकटा भाऊ, वय बारा, आमच्यात येऊन पडला होता. तो सारखा एकच विचारायचा, "दादा, उद्या माझा फोटो काढणार ना? विहिरीतला?"

धाकटा त्या उन्हाळ्यात पोहायला शिकत होता. आमच्याकडं पोहायला शिकायची रीत तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा तोंड बंद करून बांधायचा, आणि काठावरून ढकलून द्यायचं. पंधरा-वीस दिवसांत पोरगं हातपाय मारायला लागतं. मग एक दिवस डबा सोडतात. त्याला 'सुटं पोहणं' म्हणायचं. धाकट्याचा डबा सुटून दोन दिवस झाले होते.

रविवारी दहा-साडेदहाला आम्ही विहिरीवर गेलो. मोठी जुनी विहीर, दगडी बांधणीची, एका अंगाला पायऱ्या. त्या वर्षी पाणी दोन-अडीच पुरुष होतं. शेतात इंजिन आलं होतं, पण मोटेचं चाक अजून तसंच होतं आणि मोटेचा जुना नाडा धावेच्या कडेला वेटोळं करून पडलेला. लिंबाखाली सालगडी मामा दावी वळत बसले होते.

मला पोहता येत नव्हतं. मी गावातला, मास्तरांच्या घरचा पोरगा. विहिरीत उतरायची आईची शपथ होती. म्हणून मी काठावर. आणि काठावरच्या माणसाला काहीतरी काम हवं म्हणून माझ्या हातात कॅमेरा.

दोघे मित्र मुटके मारत होते, सूर मारत होते. धाकटा पायऱ्यांच्या आसपास पोहत होता. मी एकेक फोटो काढत गेलो. मोटेच्या चाकाचा एक, मामांचा एक, पाण्यातून वर आलेल्या दोन डोक्यांचा एक. अकरा झाले. लाल खिडकीत बाराचा आकडा आला. शेवटचा फोटो मला सुराचा हवा होता. जालन्याचा मित्र पोहून दमला होता, वर येऊन काठावर बसला होता. शेतवाला मित्र वरच्या दगडावर चढला, मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्याने सूर मारला, पण माझं बोट दाबायला उशीर झाला. तो पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला.

कॅमेरा डोळ्याला तसाच होता. त्या छोट्या चौकोनात मला धाकटा दिसला. पायऱ्या सोडून मधोमध आलेला. उभा, दोन्ही हात बाजूला पसरलेले, मान मागं टाकलेली, तोंड उघडं, नजर सरळ माझ्याकडं. मला वाटलं, पोरगं फोटोसाठी उभं राहिलंय. रात्रभर विचारत होताच.

मी वरून ओरडलो, "हस की रे!"

आणि बटण दाबलं.

पुढचं सगळं झालं ते माझ्या अंगाच्या बाजूने. मामा दावी वळत होते, पण डोळे विहिरीकडं होते. ते उठले, नाड्याचं एक टोक जालन्याच्या मित्राच्या हातात कोंबलं, "धर, सोडू नको," एवढंच म्हणाले. दुसरं टोक कमरेला गुंडाळलं आणि धोतरासकट उडी टाकली. धाकट्याला त्यांनी पाठीमागून धरलं, समोरून नाही. आम्ही नाडा ओढला. पोरगं पायऱ्यांवर आलं, पालथं घातलं तसं खोकलं, ओकलं आणि रडायला लागलं. रडण्याचा आवाज ऐकून इतकं बरं मला आयुष्यात परत कधी वाटलं नाही.

शेतवाला मित्र सूर मारून वर आला तेव्हा सगळं होत आलं होतं. तळाशी जाऊन यायला माणसाला वेळ लागतो किती? बस, तेवढ्यात.

दुपारी घरी आमरस होता. धाकटा गोधडी पांघरून बसला होता, चव्वेचाळीस डिग्रीत. मित्राची आई वाढता वाढता मला म्हणाली, "बाबा, तू तर काठावरच होतास ना रे?" तिच्या आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, काकू."

मित्रहो, ते खोटं होतं. माझं पूर्ण लक्ष होतं. त्या विहिरीवर त्या घटकेला धाकट्याकडं टक लावून बघणारा मी होतो. मला जे दिसलं ते मी फोटो म्हणून बघितलं.

आठ दिवसांनी प्रिंट आल्या. अकरा फोटो मी मित्राला नेऊन दिले. "बारावा आला नाही, उजेड गेला," म्हणालो. बारावा चांगला आला होता. इतका स्पष्ट की पाण्यावरचे तरंगसुद्धा दिसतात. तो मी एका डायरीत ठेवला. बँकेत ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण तिथंही नियम असतो, नोंद फार दिवस तशी ठेवायची नाही, निकाली काढायची. माझी ती नोंद पन्नास वर्षांहून जास्त पडून राहिली.

दोन वर्षांनी, १९७३ च्या मे महिन्यात, मी पुन्हा त्या विहिरीवर गेलो. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या ज्येष्ठांनी पाहिला आहे. पाऊस नाही, ज्वारी नाही, माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि लेकरांना सुकडी. विहीर कोरडी पडली होती. मी पायऱ्या उतरून तळाशी गेलो. तिथं गाळाला भेगा पडल्या होत्या. मधोमध, धाकटा जिथं होता त्या जागी उभा राहिलो आणि वर बघितलं. मी ज्या दगडावर उभा होतो तो दगड एवढा जवळ दिसला की मला बसावंसं वाटलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण त्याने हाक का मारली नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

ते पुढं वाचनात आलं. आमच्या त्या उन्हाळ्याच्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका समुद्रकिनाऱ्यावर फ्रँक पिया नावाचे जीवरक्षक होते. त्यांनी बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून ते पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं ते असं : बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला श्वास उरत नाही. तो हात हलवून बोलावतही नाही. हात आपोआप बाजूला पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभं राहतं, मान मागं जाते. हे सगळं वीस सेकंदांपासून फार तर मिनिटभर चालतं, मग माणूस खाली जातो. बघणाऱ्याला वाटतं, खेळतोय. सिनेमात दाखवतात तसं 'वाचवा, वाचवा' काही होत नाही.

वाचता वाचता मी उठून डायरी काढली आणि माझा फोटो बघितला. हात बाजूला, मान मागं, तोंड उघडं. जसंच्या तसं.

एक सांगायचं राहिलं. मी पोहायला शिकलो. बत्तिसाव्या वर्षी, बदलीच्या गावी, नगरपालिकेच्या तलावात. माझ्या बॅचमध्ये सगळी आठ-नऊ वर्षांची पोरं होती आणि ती मला 'मॅनेजर काका' म्हणून पाणी उडवायची. मी तेव्हा मॅनेजर नव्हतो, पण पाण्यात कोण खुलासा करत बसणार!

आता गेल्या मे महिन्याची गोष्ट. नातू पुण्याहून आला होता. त्याला फोटोग्राफीचं वेड. शनिवारी सकाळी उन्हाच्या आत आम्ही वालूरची बारव बघायला गेलो, सोबत आपल्याच सोसायटीतली तीन मुलं. ती मुलं समोर बसली आहेत, हसतायत. ज्यांनी ती बारव पाहिली नसेल त्यांनी जरूर बघावी. पायऱ्या गोल फिरत चक्रासारख्या पाण्यापर्यंत उतरतात. आमच्या तरुणपणी तिच्यात गाळ आणि झाडोरा होता, कुणी वळून बघायचं नाही. गावकऱ्यांनी अलीकडं कष्ट करून ती मोकळी केली. आपल्या अंगणापासून एवढ्या जवळ असं काही आहे आणि आपण अजिंठा-वेरूळ करून येतो. नातवाने तासाभरात चारशे फोटो काढले. मी म्हटलं, "अरे, माझे तेहतीस रोळ झाले असते."

तिथून मित्राकडं. पोरांना विहिरीवर पोहायला जायचं होतं. मी म्हटलं, चला, पण माझी एक अट. पाण्यात कितीही जणं असू द्या, एक माणूस काठावर, मोबाइल खिशात, शेजारी दोर, आणि डोळे पाण्यावर. बोलणं नाही, फोटो नाही. दर पंधरा मिनिटांनी माणूस बदलायचा. पोरांनी कुरकूर केली, पण पाळलं. पहिली पंधरा मिनिटं मी उभा राहिलो. त्याच दगडावर.

दुपारी ओसरीवर बसलो. जालन्याचा मित्र आता नाही. मामाही केव्हाच गेले. मित्राच्या आईला जाऊन तीस वर्षं होतील. शेतवाला मित्र बाजेवर पडून असतो, गुडघे गेले, ऐकायला कमी येतं. धाकटा आता साठी ओलांडलेला, चार नातवंडांचा आजोबा. मी पिशवीतून डायरी काढली आणि फोटो त्याच्या हातात दिला. तीन माणसं गेली होती ज्यांना मी हे सांगू शकलो असतो. चौथ्याच्या वेळी उशीर करायचा नव्हता.

त्याने सुनेला हाक मारून चष्मा मागवला. बराच वेळ बघत राहिला. मी म्हणालो, "त्या दिवशी लक्ष नव्हतं म्हणालो, ते खोटं होतं. मी बघत होतो."

तो म्हणाला, "दादा, तुम्ही 'हस की' म्हणलेलं मला ऐकू आलतं."

मला काही बोलता येईना.

"मी हाक मारू बघत होतो, पण तोंडात पाणी. मला वाटलं, दादा बघायलेत, आता येतील. मग वाटलं, दादाला दिसलंच नसंल. इतकी वर्षं मी तेच धरून चाललो, की तुम्हाला दिसलं नसंल."

मग तो उठून आत गेला. मला वाटलं, झालं, पन्नास वर्षांची मैत्री मी आज संपवली. थोड्या वेळाने तो ताकाचे पेले घेऊन बाहेर आला. बाजेवरून मित्राने विचारलं, "काय दाखवू लालाय रे तो?" धाकटा मोठ्याने म्हणाला, "जुना फोटो हाय, इहिरीवरचा!" मित्र म्हणाला, "त्यात माझा सूर आलाय का?" मी म्हटलं, "नाही रे. तेवढा राहिला."

निघताना मी फोटो धाकट्याला देऊ केला. त्याने परत माझ्या हातात ठेवला. "मला नगं. तुमच्यापाशीच असू द्या. पण पोरांला दाखवा. माणूस बुडतो कसा, हे कुणी बघितलेलं असतंय?"

म्हणून आज हे बोललो. आता आपल्या कामाचं सांगतो आणि थांबतो.

आपल्याकडं निम्न दुधनाचं धरण झालं, कालवे आले. शेतीला त्याचा फायदा आहेच. पण उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की आपली पोरं तिकडं पळतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कालव्याचे काठ उतरते, अस्तर शेवाळाने निसरडं, आणि पाण्याला ओढ. आत गेलेल्याला हात धरायला काही नसतं. चांगला पोहणारासुद्धा तिथं फसतो. कालव्यात पोहायचं नाही म्हणजे नाही. आणि नुसतं 'नाही' म्हणून पोरं ऐकत नसतात, त्यांना पोहायला नीट शिकवावं लागतं. रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून जे काही शिल्लक राहील, त्यातून पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या मुलामुलींना, हो, मुलींनाही, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणं शिकवावं, असा माझा कार्यकारिणीपुढं प्रस्ताव आहे. माझ्याकडून त्यात पहिले पाच हजार रुपये. पावती घेईन.

कुणी बुडताना दिसलं तर स्वतःला पोहता येत असलं तरी आधी दोर, काठी, साडी, रिकामी घागर, जे हाताशी असेल ते टाका. मामांनीसुद्धा कमरेला नाडा बांधल्याशिवाय उडी टाकली नव्हती. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबत बसू नका. आपल्या सोसायटीतले डॉक्टर सांगतात, श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. ते कसं करायचं हे शिकवायला डॉक्टर एक रविवार द्यायला तयार आहेत.

आता हा बारावा फोटो मी तुमच्यात फिरवायला देतो आहे. स्मरणिकेत तो छापू नये, असं मी संपादकांना सांगितलं आहे. ज्यांना आज नीट बघता येणार नाही, त्यांनी घरी या, चहा घेऊ, बघू. मुलांनो, तुम्ही नीट बघा. हात कुठं आहेत, मान कशी आहे, तोंड कसं आहे. आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन तो माझ्याकडं परत आला पाहिजे. मोजून दिलाय, एक नग.